झाडलेली वाट

फोन एकदाच वाजला आणि गप्प झाला. सुलक्षणाला तो उचलायचा नव्हताच. पाण्याच्या टाकीपाशी बसमधून उतरलं की सून एक मिस कॉल द्यायची. उतरले, निघा, एवढाच त्याचा अर्थ.

तव्यावरची भाकरी तशीच टोपलीत टाकून सुलक्षणाने गॅस बंद केला, दारामागची काठी घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि उंबऱ्यातच सूर लावला. आधी सूर, मग पाऊल. जाखमाता टेकडीवरची बाई दिवस मावळल्यावर मुक्याने वाट उतरत नसे.

*वाटेच्या वळणाशी | दिवा लावते बोलाचा*
*जीव येतो गं घराशी | माझ्या पोटच्या मोलाचा*

बोरीवली पूर्वेला सोसायट्यांचे मनोरे जिथे संपतात आणि राष्ट्रीय उद्यानाची भिंत जिथे सुरू होते, तिथे ही टेकडी. गिरण्या बंद पडल्यावर राजापूरकडची माणसं परळ-लालबागच्या खोल्या सोडून इथे चढली, कुडाच्या भिंतींच्या विटांच्या झाल्या, विटांवर पत्रे आले, आणि गावच्या देवीच्या नावाने एक घुमटीही उभी राहिली. सगळं आलं, फक्त बस वर आली नाही. ती टाकीपाशी सोडायची, पुढे चढण. डाव्या हाताला उद्यानाची भिंत, उजव्या हाताला उतार, उतारावर खालच्या इमारतींनी लोटलेला कचरा आणि कचऱ्यावर माजलेली घाणेरीची झुडपं. मध्ये वाट. दिव्याचे खांब होते. तारा कुणी ओढल्याच नव्हत्या.

आणि वाटेच्या मधोमध, नेमक्या वळणावर, भिंतीला खिंडार होतं.

खिंडाराजवळ आलं की सुलक्षणाचा सूर आपोआप चढायचा. गाणं गोड व्हावं म्हणून नव्हे. फार वर्षांपूर्वी वनखात्याचा एक रखवालदार वस्तीत सांगून गेला होता की मोठ्याने बोलत चला, माणसाचा आवाज ऐकला की वाघ आपणहून बाजूला होतो. बिबट्याला टेकडीवर सगळे वाघच म्हणत. पण दमून आलेल्या बाईने रोज मोठ्याने बोलायचं तरी काय? मग कुणीतरी जात्यावरची ओवी काढली. जातं गावी राहिलं, ओवी वाटेवर आली. तिच्यातला भाऊराया गेला, माहेरची गाय गेली, आणि जे मनात होतं ते आत आलं.

*भिंतीपल्याडच्या राया | तुझं रान तुझ्यापाशी*
*माझी गर्भार चिमणी | येऊ दे माझ्यापाशी*

ती थांबली. कान दिला. झुडपात कागद फडफडला, की पिशवी, की आणखी काही. मग खालून, बारीक, दमलेला, पण सूर धरून आवाज आला:

*खालून येते साद | वरून द्या हुंकार*
*पाय चढती चढण | मागे राहो अंधार*

सुलक्षणाच्या छातीतली मूठ उघडली. वळणावरून प्रांजल आली, एक हात पोटावर, खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. सातवा महिना लागला होता. अंधेरीला एका दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसायची. नवरा, म्हणजे सुलक्षणाचा मुलगा नितेश, विमानतळावर माल चढवायच्या रात्रपाळीला, तो सकाळीच परतायचा.

"आण ती पिशवी."

"आई, तुमच्या हातात काठी आहे."

"काठी वाघाला. पिशवी मला."

प्रांजल हसली, पण चालता चालता. हसायलासुद्धा त्या वळणावर कुणी थांबत नसे.

शेजारची वनमाला दाराशी उभीच होती. तीही रोज अशी उभी राहायची, दोघी वर पोचेपर्यंत. मागच्या थंडीत ती आपल्या कुत्र्याला, बंड्याला, घेऊन खाली गेली होती. खिंडाराशी दोरीला हिसका बसला, एवढंच तिला कळलं. आवाज नाही, केकाटणं नाही. दोरी हातात राहिली आणि दोरीच्या पुढे काही नव्हतं. ती दोरी वनमालेने टाकली नाही. संध्याकाळ झाली की मनगटाला गुंडाळून घ्यायची.

"इलात गो दोघी?" ती विचारायची.

"इलंव," सुलक्षणा म्हणायची, आणि मग वनमाला आत जायची.

अशा त्या टेकडीवर पौष महिन्यात बातमी आली की बस वर येणार.

बातमी घेऊन आली ती गंधाली. मुलुंडची मुलगी, चष्मा, पाठीवर पिशवी, पायांत बूट. पालिकेसाठी उपनगरांच्या वाहतुकीचा आराखडा करणाऱ्या एका संस्थेत काम करत होती. देवीच्या घुमटीपुढच्या मंडपात तिने सगळ्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं. शहरात गाड्या वाढल्या, धूर वाढला, उन्हाळा सोसवेनासा झाला. पूल बांधले तेही गाडीवाल्यांसाठी. आता चालणाऱ्याचा विचार आधी करायचा. पदपथ, दिवे, सावली, आणि टेकडीवरच्या वस्त्यांसाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या बसगाड्या.

सुलक्षणा मागच्या रांगेत बसून ऐकत होती. आजवर कुणी पुलाबद्दल बोललं होतं, कुणी मेट्रोबद्दल. तिच्या पायांबद्दल कुणी बोलावं हे पहिल्यांदाच होत होतं.

"बस चढणार कुठून?" जयवंतने विचारलं. जयवंत म्हणजे सुलक्षणाचा नवरा, फोर्टातल्या कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला, आता मंडळाचा अध्यक्ष. सभेत बोलताना तो शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचा.

"मागचा, लांबून वळसा घेणारा टँकरचा रस्ता आहे ना, तो नीट केला की चढेल. पण काका, गाड्या पहिल्या टप्प्यात थोड्याच आहेत. जिथे चालणं सगळ्यात अवघड, तिथे आधी. म्हणून आम्ही प्रत्येक वाट स्वतः चालून बघणार. रविवारी सकाळी मी येते तुमच्याकडे."

"या ना," जयवंत म्हणाला. "अवश्य या."

त्या "अवश्य या"तच सगळी चूक होती, पण तेव्हा ती कुणाला दिसली नाही. सुलक्षणालाही नाही.

गावी शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा आधी काय करतात? वाट झाडतात. दगड बाजूला करतात, काट्या तोडतात, शेण सारवतात, रांगोळी घालतात. देव येवो, पाव्हणा येवो, ज्या वाटेने तो येणार ती वाट घाण राहिली तर ज्याच्या दारी तो येतो त्याची मान खाली जाते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. शनिवारी दुपारी जयवंतने खराटा उचलला आणि मागोमाग अख्खी टेकडी उतरली. पोरांनी घाणेरी तोडली. कचरा गोण्यांत भरून खाली नेला. वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याची रेघ आली. मंडळाच्या सामानातून दिव्यांच्या माळा निघाल्या, त्या घुमटीतल्या जोडणीवरून खांबाखांबाला बांधल्या. वळणावर सुलक्षणाने स्वतः सारवलं, स्वतः रांगोळी काढली, कमळ आणि गोपद्म.

राहिलं ते खिंडार.

"हे बरं नाही दिसत," जयवंत म्हणाला. तो गेला आणि गणपतीच्या मांडवाचं निळं-पांढरं झालरीचं कापड घेऊन आला. खिंडारावर ते ताणून बांधलं, वर आंब्याचं तोरण लावलं. लांब उभं राहून त्याने बघितलं आणि मान हलवली. देखणं दिसत होतं.

वनमाला तेवढी म्हणाली, "भावोजी, ह्या झाकलास, तर ती बघतली काय?"

"वहिनी, माणसं पहिल्यांदा येतायत. त्यांना काय भोक दाखवायचं?"

रविवारच्या उन्हात गंधाली चढली. बायका ठेवणीतली लुगडी नेसून वाटेवर उभ्या होत्या. कोकम सरबत झालं. गंधालीने वाट मोजली, चढ मोजला, चुन्याच्या रेघेचा फोटो काढला, निळ्या-पांढऱ्या कापडापुढे उभं राहून सगळ्यांसोबत फोटो काढला. "किती सुंदर ठेवलीय तुम्ही वाट," ती म्हणत राहिली. मग कुणीतरी सांगितलं की आमच्याकडे बायका गात येतात-जातात. तिचे डोळे लकाकले.

"खरंच? म्हणा ना एक."

आणि त्या गायल्या. उन्हात, नटून, दहाजणींनी एका सुरात. भिंतीपल्याडच्या राया म्हणताना पोरी एकमेकींना कोपराने ढोसत हसल्या. गंधालीने फोनवर गाणं भरून घेतलं. वनमाला पुढे झाली, मनगटावरची दोरी सोडवू लागली. "मॅडम, हय वळणापाशी..."

"वहिनी," जयवंत हळूच म्हणाला, "मॅडमना आधी सरबत द्या अजून."

वनमालेने दोरी परत गुंडाळली.

माघात उत्तर आलं. मंडळाच्या ग्रुपवर गंधालीने हसऱ्या चेहऱ्यांसकट पाठवलं. जयवंतने चष्मा लावून घरात मोठ्याने वाचलं. "जाखमाता टेकडी. आदर्श पायवाट. स्वच्छ, सुरक्षित, आनंददायी. इथल्या स्त्रिया गात ये-जा करतात." आदर्श म्हणताना त्याचा आवाज उंच झाला होता. पुढची ओळ वाचताना तो खाली आला. "इथे बसची तातडी नाही. पहिल्या टप्प्यातील बस पलीकडच्या टेकडीला."

प्रांजल पोळी मोडत होती, तिचा हात थांबला. मग तिने तो तुकडा तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिली.

"आणखी दोन महिने तर आहेत," ती शेवटी म्हणाली. "मग सुट्टीच घेणार आहे मी."

"आणि सुट्टीनंतर?" सुलक्षणा म्हणाली. "पोर कडेवर घेऊन चढशील?"

त्या संध्याकाळपासून सुलक्षणाची भीती बदलली. आधी ती वाटेपुरती होती. उंबरा ओलांडला की संपायची. आता ती घरात येऊन बसली. भांडी घासताना, देवापुढे वात लावताना, ती डोळ्यांपुढे कडेवरचं पोर बघायची, आणि एका हाताने पोर सावरायचं, दुसऱ्याने पिशवी, तर काठी कुठल्या हातात धरायची, हे कोडं तिला सुटत नव्हतं. तिला सारखी वनमालेची दोरी दिसायची. दोरीचा हिसका कसा लागत असेल हे तिच्या स्वतःच्या मनगटाला कळू लागलं.

"अहो, सांगा ना त्या मुलीला."

जयवंत खिडकीकडे तोंड करून बसला होता. "काय सांगू? आम्ही खोटं दाखवलं म्हणून? वाट झाडली त्यात खोटं काय होतं?"

"खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं ना."

त्याने शर्टाचं वरचं बटण उगाच लावलं आणि काढलं.

मग सुलक्षणाच गेली. सकाळी प्रांजलसोबत निघाली, सून दवाखान्यात शिरली आणि ही पत्ता विचारत गंधालीच्या कचेरीत पोचली. थंडगार खोली, काचेचं दार. भिंतीवर उपनगरांचा मोठा नकाशा. गंधाली धावत आली, खुर्ची दिली.

"काकू, तुमची टेकडी बघा कुठे आहे." तिने बोट ठेवलं. लाल-पिवळ्या रेघांच्या गर्दीत एक बारीकशी हिरवी रेघ होती. "हिरवी म्हणजे उत्तम. सगळ्या बोरीवलीत इतकी छान रेघ नाही. आणि हे ऐका, मी सरांना हेच ऐकवलं." तिने फोनवर बोट दाबलं.

*भिंतीपल्याडच्या राया | तुझं रान तुझ्यापाशी...*

त्या गार खोलीत, दिवसाउजेडी, सुलक्षणाच्या अंगावर काटा आला. पाय आपोआप जवळ घेतले गेले. गंधालीला ते दिसलं.

"काय झालं, काकू?"

"बंद कर ते, बाळा." मग ती म्हणाली, "राया म्हणजे कोण, विचारलंस का कधी?"

"कोण? देव?"

"वाघ."

गंधालीचं बोट फोनवर तसंच राहिलं.

"आम्ही हौसेने नाही गात. मुक्याने चाललं तर तो जवळ येतो म्हणून गातो. तू कापडापुढे फोटो काढलास ना? त्या कापडामागे भिंत नाही. भोक आहे. तिथूनच वनमालेचा कुत्रा गेला. आम्ही फसवलं नाही गं तुला. माणूस येतो म्हटल्यावर आम्ही वाट झाडतो, दुसरं येतच नाही आम्हाला. दिव्यांच्या माळाही गणपतीच्या. दुसऱ्या दिवशी पेटीत गेल्या."

गंधाली नकाशाकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं, बायका गाताहेत म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिलं. "काकू, शुक्रवारी सगळं पक्कं होणार आहे. मी एकटीने सांगून भागणार नाही. सर म्हणतील, तूच तर हिरवी लिहिलीस."

"मग त्यांना आण. कातरवेळी आण. कुणी काही झाडणार नाही."

"आणि गाणंही नको," गंधाली हळू आवाजात म्हणाली. "गाणं ऐकलं की भीती ऐकू येत नाही. मला नाही आली."

सुलक्षणाने कबूल केलं. कबूल करताना आपण काय देतोय हे तिला पुरतं कळलं नाही.

गुरुवार ठरला. टेकडीवर घरोघरी निरोप गेला: दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी घर गाठायचं, पाहणी संपेपर्यंत कुणी वाटेला यायचं नाही, कुणी गायचं नाही. प्रांजललाही सकाळी चारदा बजावलं होतं. "आज लवकर सुट, गो बाय."

"सुटते हो, आई. साडेचारलाच निघते."

ऊन कललं तसा जयवंत घराबाहेर आला. कोपऱ्यातला खराटा त्याच्या हातात कधी आला हे त्यालाही कळलं नसावं. वाटेच्या तोंडाशी दोन पानं पडली होती, ती लोटायला तो वाकला. सुलक्षणाने येऊन खराटा धरला. तिने ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

"अगं, दोनच पानं."

"असू देत."

"साहेब येणार, आणि ही अशी..." त्याचे कान लाल झाले होते. तरी त्याने मूठ सोडली. मान खाली घालून तो पायरीवर जाऊन बसला, लग्नघरात ज्याला कुणी काम सांगत नाही अशा म्हाताऱ्यासारखा.

टाकीपाशी गंधाली आणि तिचे विद्याधर सर उतरले, तसा तिने निरोप पाठवला: निघतोय. वर घुमटीशी सगळी वस्ती गोळा झाली होती. पलीकडच्या मनोऱ्यांत दिवे लागले, आणि ते लागल्यावर टेकडी आणखीच काळी झाली.

सुलक्षणाने मागे वळून घराकडे बघितलं. दार उघडं, आत अंधार. प्रांजल आली नव्हती.

तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. महामार्गावर बस अडकली असेल. अडकू दे, ती मनात म्हणाली, आज अडकूनच राहू दे.

आणि फोन वाजला. एकदाच. गप्प झाला.

उतरले. निघा.

तिचा हात काठीकडे गेला. पाय उंबऱ्यावरून निघाल्यासारखे सरसावले, छातीत सूर भरला, आणि ती तिथल्या तिथे थांबली. खाली उतरायचं तर गात उतरावं लागणार. गायलं की वाट पुन्हा हिरवी. तिने उलटा फोन लावला, तो लागला नाही. टाकी सोडून चढणीला लागलं की फोन लागत नसे. म्हणजे प्रांजल चढायला लागली होती. त्या दोघांसोबत असेल का? की मागे राहिली असेल, एकटी? दम लागला की ती खिंडाराशीच थांबायची, पोट सावरत. किती वेळा सांगितलं होतं तिथे थांबू नकोस म्हणून. आणि आज तीही गाणार नाही, सासूने शब्द दिलाय म्हणून.

"ती उतरली," सुलक्षणा म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

वनमालेने तिचा हात धरला. दोरी दोघींच्या मनगटांमध्ये दाबली गेली, खरखरीत, गार.

वाट मुकी पडली होती. इतक्या वर्षांत टेकडीने ती अशी मुकी ऐकलीच नव्हती. गाण्याखाली काय काय दडलेलं असतं ते आता वर येत होतं. कचऱ्यात काहीतरी सरकत होतं. पाण्याच्या फुटक्या नळीची टिपटिप. खूप खाली महामार्गाची घरघर. मग तेही जणू थांबलं, आणि भिंतीपलीकडे, झाडांच्या शेंड्यात, माकडं खाकरली. एकदा. मग पुन्हा, जवळ.

त्या खाकरण्याचा अर्थ टेकडीवरच्या तान्ह्या पोरालाही कळत होता. तो निघालाय.

खालून काहीच नाही. पाऊल नाही, हाक नाही. तिघं असतील तर तिघांचा आवाज हवा. दोन असतील तर दोघांचा. एकीचा तरी. तिने ओठ उघडले आणि मिटले. बस मिळायला हवी, ती मनात म्हणत होती, बस. पोर कडेवर. काठी कुठल्या हातात.

पायरीवरून जयवंत उठला. त्याचं वरचं बटण उघडं होतं. "गा," तो म्हणाला.

"अहो, शब्द दिलाय..."

"शब्द गेला, बस गेली. पोरगी खाली आहे. गा म्हणतो ना."

तिने तोंड उघडलं. सूर लागेना. जिच्या एका सुरावर ही वाट रोज उजळायची, तिच्या गळ्यातून फक्त वारा निघाला. वनमालेने प्रयत्न केला, तिचाही लागेना. उभी वस्ती तोंड उघडून उभी होती आणि कुणाला आवाज नव्हता.

आणि खालून आवाज आला.

"बे एके बे."

मुलीचा. थरथरणारा, चिरकलेला, सूर नाही, ताल नाही.

"बे दुणे चार. बे त्रिक सहा."

गंधाली होती. तिला ओवी येत नव्हती. भीतीने जे आठवलं ते ती ओरडत होती, आजीने कधीतरी संध्याकाळी घोकून घेतलेलं असणार. मग एक जाडसर पुरुषी आवाज तिच्यात मिसळला, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. "बे चोक आठ. बे पंचे दहा." विद्याधर सर.

हसावं असं होतं. कुणी हसलं नाही. सुलक्षणा दोन आवाज ऐकत होती आणि तिसरा शोधत होती. बेचा पाढा संपत आला. बे नव्वे अठरा. दोनच आवाज. बे दाहे वीस. दोनच. मग क्षणभर काहीच नाही, आणि माकडं पुन्हा खाकरली.

"तीन एके तीन," तिसरा आवाज म्हणाला, दमलेला, बारीक. "तीन दुणे सहा."

प्रांजल.

सुलक्षणाचा सूर आपणहून बाहेर आला, फाटका, ओला, पण टेकडीभर पोचेल असा:

*वाटेच्या वळणाशी | दिवा लावते बोलाचा...*

मागोमाग वनमाला, मागोमाग सगळ्याजणी. जयवंतसुद्धा. खालून पाढे, वरून ओव्या, आणि मध्ये ती वाट. सुलक्षणा काठी घेऊन धावत उतरली. वळणावर तिघं एकमेकांना धरून चढत होती. विद्याधर सरांनी आपली पिशवी छातीशी धरली होती, गंधालीचा चष्मा हातात होता, आणि दोघांच्या मधोमध, त्यांनी दोन्हीकडून दंडाला धरलेली, प्रांजल.

"आई, मी गायले नाही हां," ती म्हणाली.

सुलक्षणाने तिच्या पोटावर हात ठेवला. आत पोर हललं, भलतंच जोरात.

घुमटीपाशी विद्याधर सर पायरीवर बसले. जयवंतच्या शेजारी. तांब्यातलं पाणी ते एका दमात प्यायले. त्यांना काही दिसलं नव्हतं. खिंडाराशी काहीतरी होतं, एवढंच ते म्हणत होते, काहीतरी श्वास घेत होतं. की नव्हतं. की आमचाच श्वास असेल.

"ती वाट आम्ही झाडली होती, साहेब," जयवंत म्हणाला. "ती तशी नसते."

सरांनी मान हलवली. गंधालीकडे वळून ते म्हणाले, "पहिल्या टप्प्यात घाल." मग सगळ्यांकडे बघून, जरा ओशाळून, "पण रस्ता नीट व्हायचा, गाड्या यायच्या. दिवाळी तरी उजाडेल."

दिवाळी. प्रांजलचं पोर तोवर मांडीवर उड्या मारत असेल. तोवर रोजची संध्याकाळ होती, एकेक. तरी सुलक्षणाला वाटलं, निदान आता कुणीतरी दुसरंही ही वाट मनात घेऊन झोपेल.

तांब्या खाली ठेवला गेला. सर उठले, आलेल्या वाटेच्या तोंडाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. वाट खाली जाऊन काळोखात बुडाली होती. त्यांनी फोन काढला, गाडी बोलावून पाहिली. एक आली नाही, दुसरीचा माणूस म्हणाला, टेकडीवर नाही येणार. तो फोन त्यांनी खिशात टाकला.

"आता खाली कसं जायचं?" त्यांनी विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं, कुणाकडेच न बघता.

जयवंतने बॅटरी शोधली. वनमालेने मनगटाची दोरी घट्ट केली आणि पदर खोचला. सुलक्षणाने सुनेला घरात बसवून कडी लावून घ्यायला सांगितलं, काठी उचलली आणि साहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"गाणं येतं का, साहेब?" तिने विचारलं.